दुखण्याची मराठी

“‘बगळा’ हा शब्द चालवा,” थिटे सर म्हणाले.

सूसम्मानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. थोडा विचार केला आणि म्हणाली, “सर, बगळा चालत नाही. बगळा तळ्यात उभा आहे.”

मेट्रन उजगरेबाई खोकला आल्यासारखं करून खिडकीकडे वळल्या. मी ओठ घट्ट मिटून घेतले. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा चढवला.

“शब्द चालवणे म्हणजे विभक्तीची रूपं सांगणे. पुस्तकात चौथ्या पानावर आहे. बगळा, बगळ्याला... पुढे?”

“बगळा. बगळ्याला. बगळ्याने. बगळ्या...” तिचा आवाज बारीक होत गेला. “बगळ्याच्या... तळ्याच्या...”

“पुरे.” सरांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. “बाकीच्या तिघी उत्तीर्ण आहेत. हिची परीक्षा पुढच्या शनिवारी पुन्हा घेऊ. तेव्हाही जमलं नाही, तर मेट्रनबाई, माझा नाइलाज आहे.”

उजगरेबाईंनी मान हलवली. सूसम्मानं दोन्ही हात जोडून अगदी पुस्तकातल्यासारखं म्हटलं, “मी आपली आभारी आहे.” आणि ती बाहेर गेली.

त्या वेळी मी तेवीस वर्षांची होते. हिवरगावच्या मिशन हॉस्पिटलात तेव्हा केरळातून आलेल्या चार नर्सेस होत्या. कामाला वाघ, पण मराठीचा एक शब्द येत नव्हता. आजूबाजूच्या पंचवीस-तीस खेड्यांतली माणसं तिथं यायची आणि परत जाऊन सांगायची की, तिथं आपलं कुणाला कळत नाही, आपण पोट दाखवावं तर त्या पाठ तपासतात. तक्रारी वाढल्यावर हॉस्पिटलच्या समितीनं ठरवलं की, नव्या नर्सेसना मराठीची परीक्षा पास झाल्याशिवाय कायम करायचं नाही. समितीवर थिटे सर होते. गावच्या हायस्कुलाचे निवृत्त मुख्याध्यापक, आणि माझेही. मी एम.ए. करून घरी बसले होते, कोल्हापूरच्या कॉलेजातल्या मुलाखतीची वाट बघत. सरांनीच निरोप धाडला, “हेमलता, तोवर या मुलींना शिकव.” आणि हातात स्वतः लिहिलेलं, गावच्याच छापखान्यात छापलेलं पुस्तक ठेवलं. परप्रांतातल्या माणसांना मराठी शिकवायला त्यांनी ते मुद्दाम तयार केलं होतं. स्वच्छ, शुद्ध, पायरीपायरीनं नेणारं. बगळा तळ्यात उभा आहे. राजाचा हत्ती पांढरा आहे. आपण येथे बसावे.

बाकीच्या तिघींनी ते पाठ केलं. सूसम्माला पाठ होत नसे. ती मधेच प्रश्न विचारायची. “टीचर, हिवरगावमध्ये हत्ती कुठे आहे?” असं अगदी मनापासून.

परीक्षेच्या खोलीतून मी तिच्या मागे गेले. ती कपडे धुवायच्या हौदाशी उभी होती. रडत नव्हती, पण जबडा आवळलेला.

“अगं, आठवडा आहे अजून. आपण रोज बसू,” मी म्हटलं.

“टीचर, मी नापास झाले तर घरी जाईन. घरी गेले तर लग्न आहे. मुलगा पाहून ठेवला आहे.” मग तिनं माझ्याकडे पाहिलं. “मला नको आहे. मला हे काम हवे आहे.”

एवढी पाच वाक्यं ती कुठंही न अडखळता बोलली. पण त्यांत बगळा नव्हता.

त्या आठवड्यात तिची दुपारची पाळी बायकांच्या वॉर्डात होती. तिला वर्गाला येता येईना, म्हणून मीच पुस्तक घेऊन वॉर्डात जाऊ लागले. दुपारी जेवणं झाली की वॉर्ड पेंगुळलेला असायचा. सूसम्मा एका कॉटवरून दुसऱ्या कॉटकडे जाई, मी तिच्या मागून, आणि आमची विभक्ती चालू. “हत्ती, हत्तीला, हत्तीने...” बायकांना मोठी गंमत वाटे. एकजण तर पदर तोंडाला लावून आमच्याबरोबर म्हणायला लागली होती.

दाराजवळच्या कॉटवर हौसाबाई होत्या. पासष्टीच्या, काटक, बांधावरून पडून पाय मोडलेला, मांडीपर्यंत प्लास्टर. सूसम्मा हे नाव त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी तिची सुशीला करून टाकली होती. दिवसभर हाका. सुशीला, पाणी दे. सुशीला, उशी वर कर. सुशीला, तुझ्या गावाकडं जोंधळा पिकतो का? सूसम्मा यायची आणि पुस्तकी मराठीत उत्तर द्यायची, “आमच्याकडे भात पिकतो, आजी.” हौसाबाई त्यावर म्हणायच्या, “किती ग्वाड बोलती. रेडिवोवानी.”

बुधवारची दुपार होती. हौसाबाईंची सून कपडे बदलून यायला गावी गेली होती. मी सूसम्माला नकाराची वाक्यं करायला सांगत होते. जाऊ नका, बसू नका, रडू नका.

“आगं सुशीला,” हौसाबाईंनी हाक मारली. आवाज नेहमीपेक्षा खाली होता. “माझा जीव घाबरा हुतोय गं.”

सूसम्मा कॉटजवळ गेली, खाली वाकली आणि म्हणाली, “आजी, आपण घाबरू नका. येथे भिण्यासारखे काही नाही.”

वाक्य सुरेख होतं. नकार बरोबर, क्रियापद बरोबर. ‘घाबरणे म्हणजे भिणे’ हे पुस्तकाच्या शब्दार्थांतच दिलेलं होतं. तिनं दोन्ही शब्द वापरले होते. मी शाबास म्हणायला तोंड उघडलं, तोवर तिनं हौसाबाईंचं मनगट हातात घेतलं होतं आणि ती तशीच थबकली होती.

“टीचर.”

“काय गं?”

“आजी भीत नाही.”

मला कळेना. ती हौसाबाईंच्या चेहऱ्याकडे बघत होती. “जो भितो तो माझा हात धरतो. इकडे तिकडे पाहतो. आजी कोठेच पाहत नाही. अंग थंड आहे.” तिनं हौसाबाईंच्या कपाळावरून बोटं फिरवली. बोटं ओली झाली. “आजी, आपल्याला कशाची भीती वाटते?”

“भ्या?” हौसाबाईंनी डोळे मिटलेलेच ठेवले. “भ्या कशाचं, बाई. भ्या न्हाई. जीव घाबरतोय.”

“छातीत दुखते?”

“न्हाई. दुखत काय न्हाई. कसंतरीच हुतंय.”

सूसम्मा माझ्याकडे वळली. आजवर तिनं मला इतक्या घाईनं कधी काही विचारलं नव्हतं. “घाबरते, पण भीती नाही. टीचर, हे कसे? याचा अर्थ काय?”

मी मराठीची एम.ए. होते. तरी हा शब्द मला कधी कुणाला समजावून सांगावा लागला नव्हता. जे जन्मापासून कळतं त्याचा अर्थ कुठून आणायचा? “जीव घाबरणं म्हणजे भिणं नाही,” मी म्हटलं. “माणूस भ्यालेला नसतो. त्याच्या आत काहीतरी होत असतं. कोंडल्यासारखं. आता आपलं काही खरं नाही, असं आतून...”

पुढचं तिनं ऐकलंच नाही. तिनं रक्तदाबाचं यंत्र ओढलं, पट्टा गुंडाळला, फुगवला, कान लावून ऐकलं. पुन्हा फुगवला. मग उशी नीट केली, ऑक्सिजनचं सिलेंडर गडगडवत आणलं आणि नळी लावता लावता मला म्हणाली, “डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत. मी येथून जाणार नाही. आपण जा. सांगा, हौसाबाई, बी.पी. नव्वद, नाडी बारीक, घाम, अंग थंड. आणि तो शब्द सांगा. तसाच सांगा.”

मी पळत सुटले. व्हरांड्यातून, औषधाच्या खिडकीवरून, रांगेतल्या माणसांना ढकलत. ऑपरेशनच्या खोलीच्या दारात वॉर्डबॉयनं मला अडवलं, म्हणाला, आत काम चाललंय. मी दाराच्या फटीतूनच ओरडले, “डॉक्टर साळवी! हौसाबाई! बी.पी. नव्वद, नाडी बारीक, घाम, अंग थंड. आणि त्या म्हणतायत, जीव घाबरतोय!”

 आतून साळवी डॉक्टरांचा आवाज आला, “टाके तुम्ही घाला हो, मी निघालो.” आणि ते मास्क खाली ओढत, तसेच हिरव्या कपड्यात बाहेर आले.

पुढचं सगळं मी दाराशी उभी राहून पाहिलं. ई.सी.जी.चं यंत्र आलं. पट्टी सरकत बाहेर पडू लागली. डॉक्टरांनी ती हातात धरून पाहिली आणि एकामागून एक इंजेक्शनं सांगितली. त्यांनी मागायच्या आधीच सूसम्मानं ती भरलेली होती. हौसाबाईंना कडेच्या खोलीत हलवलं. वॉर्डातल्या सगळ्या बायका उठून बसल्या होत्या. उन्हं उतरली तेव्हा कुठं डॉक्टर बाहेर आले.

“हार्ट अटॅक होता,” ते उजगरेबाईंना म्हणाले. “अजून दोन दिवस जपायला लागेल. पण वेळेवर कळलं, म्हणून.”

“त्यांना छातीत दुखत नव्हतं,” मी म्हटलं.

“सगळ्यांना दुखतंच असं नाही. बायकांना तर पुष्कळदा नाही. नुसतं एवढंच म्हणतात.” ते थांबले आणि सूसम्माकडे वळले. “तुम्हाला कसं कळलं, सिस्टर?”

“मला कळले नाही, सर,” सूसम्मा म्हणाली. “मला एवढेच कळले की मला कळत नाही.”

पाळी संपल्यावर आम्ही दोघी वॉर्डाच्या पायऱ्यांवर बसलो. तिनं टोपी काढून मांडीवर ठेवली होती. केसांवर पिनांच्या खुणा पडलेल्या. 

“असे शब्द अजून आहेत?” तिनं विचारलं. “पुस्तकात नाहीत असे?”

आहेत, मी म्हटलं. किती, ते मलाही ठाऊक नव्हतं. मी मोजायला लागले आणि मोजता येईना. डोकं दुखतं तेही एका तऱ्हेनं नाही. ठणकतं, भणभणतं, जड होतं, नुसतं धरतं. पोटात कळ येते, मुरडा येतो, डचमळतं, खड्डा पडतो. अंगात कणकण असते, ती तापाच्या आधीची. मागं वॉर्डाच्या खिडकीशी उभी राहून ऐकणाऱ्या पाटलाच्या सुनेनं आतूनच भर घातली, “पायात गोळं येत्यात त्ये सांगा की.” कुणी म्हणालं, “आन् उसण भरती त्ये?” बघता बघता खिडकीत चार-पाच डोकी जमली. जिला जे झालं होतं ते ती सांगत होती, हातानं जागा दाखवत होती. सूसम्मा उठून खिडकीशी गेली आणि एकेकीला विचारायला लागली. कुठे? केव्हा? दाबले तर जास्त की कमी? प्रत्येक शब्दापाशी ती नर्ससारखी थांबत होती, विद्यार्थिनीसारखी नाही.

मधेच ती माझ्याकडे वळली. “टीचर, एक सांगा. मला कळ येते. मला घेरी येते. मला मळमळते. सगळीकडे मला, मला, मला. मी कुठे आहे?”

“मी नसतंच तिथं,” मी म्हटलं. “दुखण्यात माणूस काही करत नाही ना. त्याला होतं.”

तिचे डोळे मोठे झाले. “एनिक्कु!”

“काय?”

“एनिक्कु! आमच्यात ‘मला’ म्हणजे एनिक्कु. एनिक्कु विशक्कुन्नु, मला भूक लागली आहे. दुखले तर एनिक्कु, भूक लागली तर एनिक्कु. टीचर, हे तर आमच्यासारखेच आहे!” आणि ती मोठ्यानं हसली. नापास झाल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. “पुस्तक मी-पासून सुरू होते. मी जातो, मी जाते. म्हणून मला वाटले मराठी फार लांब आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थिटे सरांच्या घरी गेले. ते पडवीत बसून कुणाच्या तरी मुलाचा निबंध तपासत होते. मी सगळं सांगितलं. हौसाबाईंचं ते आधीच ऐकून होते, गावात बातमी पोचली होती.

“चांगलं झालं,” ते म्हणाले. “मुलगी हुशार आहे. पण परीक्षेचं काय ते बोल. तू उगाच नाही आलीस.”

“सर, तिची परीक्षा वॉर्डात घ्या. बायका बोलतील, तिनं समजून घ्यायचं आणि उत्तर द्यायचं.”

“आणि व्याकरण?”

 सरांनी लाल पेन्सिल खाली ठेवली.

“हेमलता, मी हे पुस्तक का लिहिलं माहीत आहे तुला? माझी पहिली नोकरी सीमेवरच्या गावात होती. घरी कन्नड बोलणारी मुलं. हुशार. पण मराठी मोडकीतोडकी, आणि वर्ग त्यांना हसायचा. कोणी ‘तो पुस्तक’ म्हणालं की पोटं धरून हसायचा. ती मुलं हळूहळू बोलायचीच बंद झाली. मी तेव्हा ठरवलं की माझ्याकडून मराठी शिकेल त्याच्यावर कुणाची हसायची हिंमत होता कामा नये. म्हणून विभक्ती. म्हणून शुद्ध वाक्यं.” ते थोडे थांबले. “माझ्या त्या पुस्तकात चूक नाही एकही.”

“नाहीच आहे, सर.”

“मग?”

“त्यात आजारी माणूस नाही.”

सर माझ्याकडे बघत राहिले. ते रागावले असं मला वाटलं. शाळेत ते असे बघायला लागले की आम्ही माना खाली घालायचो. त्या दिवशी मी घातली नाही, पण हात मात्र ओढणीच्या टोकाशी चाळा करत होते.

“शनिवारी वॉर्डात येतो,” ते शेवटी म्हणाले. “पण प्रश्न माझे असतील. आणि विभक्ती मी सोडणार नाही.”

शनिवारी सर आले ते इस्त्रीचं धोतर आणि कोट घालून. वॉर्डातल्या बायकांनीही डोकी विंचरून ठेवली होती, जणू परीक्षा त्यांचीच. उजगरेबाईंनी सरांसाठी खुर्ची मांडली, पण ते बसले नाहीत. पहिल्या कॉटशी जाऊन उभे राहिले. तिथं पाटलाची सून होती, पाठीवर गळू झालेली.

“काय होतंय तुम्हाला?” सरांनी विचारलं.

“ठुसठुसतंय, मास्तर.”

सर सूसम्माकडे वळले. “ठणकतंय असं त्या म्हणाल्या असत्या, तर तुम्हाला काय फरक पडला असता?”

सूसम्मानं हाताची मूठ मिटली, उघडली. “ठणका मोठा आहे, सर. हाडापर्यंत. माणसाला झोपू देत नाही. ठुसठुस लहान आहे, एका ठिकाणी. आत पिकत आहे. म्हणजे डॉक्टरांना सांगायचे, आता चीर देता येईल.”

 सर पुढच्या कॉटकडे गेले. टाके घातलेल्या बाईनं चुणचुणतंय म्हटलं. सूसम्मा म्हणाली, जखम भरत आहे, हात लावू नका. तिसरीनं उसण भरलीय म्हटलं तिथं मात्र ती चुकली, तिनं पोट धरलं. बाई कळवळून म्हणाली, “पाट, पाट!” सूसम्मानं जीभ चावली. “पाठ. चुकले, सर.”

चौथ्या कॉटवर गंगूबाई नावाची थट्टेखोर बाई होती. ती तोंड वेडंवाकडं करून म्हणाली, “सिस्टर, माझ्या पोटात कावळं वरडाय लागल्यात.”

सूसम्मा एकदम गंभीर झाली. तिनं गंगूबाईंना झोपवलं, पोटावर हात ठेवला, मग कान टेकवला. वॉर्डभर खसखस पिकली. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सरांनी सीमेवरच्या मुलांची गोष्ट मला परवाच सांगितली होती. मी त्यांच्याकडे पाहायला धजेना.

सूसम्मानं डोकं वर केलं. हसणाऱ्या बायकांकडे एकदा पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. “म्हणजे काय? भूक?”

“भूक! भूक!” चार बाजूंनी ओरडा झाला.

“मग सरळ सांगा ना,” ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “जेवणाची गाडी आली नाही, मी कावळ्यांना काय देऊ?”

आता सगळा वॉर्डच हसत सुटला. ते हसणं वेगळं होतं. आणि त्यात एक जाड, न सरावलेला आवाज होता, तो थिटे सरांचा. ते कोटाच्या बाहीनं डोळे पुसत होते. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना असं हसताना पाहत होते. तेवढ्यात गंगूबाईच सूसम्माचा हात धरून म्हणत होती, “आगं, थट्टा केली, राग मानू नगंस.”

“हा प्रश्न मी विचारला नव्हता. गुण कापणार नाही,” सर म्हणाले. मग घसा साफ करून पुन्हा मुख्याध्यापक झाले. “आता व्याकरण. ‘मला चक्कर येते.’ या वाक्यात कर्ता कोण?”

 हा प्रश्न त्यांच्या पुस्तकात नव्हता. मीही तिला शिकवला नव्हता.

“चक्कर,” सूसम्मा म्हणाली.

“का?”

“येते ती चक्कर, सर. मी काही करत नाही. मी फक्त कॉट धरते.”

“आणि ‘मला’?”

“मला ही चतुर्थी. आमच्या भाषेतही असेच आहे. ज्याला दुखते तो पुढे येऊन मी म्हणत नाही. त्याला होते. म्हणून सर, त्याला विचारायचे नाही की तुम्ही काय करता. विचारायचे की तुम्हाला काय होते.”

 उजगरेबाईंनी मांडून ठेवलेल्या खुर्चीवर सर आता बसले. हातातल्या काठीची मूठ चोळली. मग म्हणाले, “चाळीस वर्षं मी मुलांना सांगत आलो की ही चतुर्थी आहे. ती तिथं का आहे, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला सांगितलं नाही.” ते उजगरेबाईंकडे वळले. “उत्तीर्ण. तेवढी उसण पक्की करून घ्या.”

जाताना दारात त्यांनी मला थांबवलं. “हेमलता, पुस्तकाची नवी आवृत्ती काढू या. राजाचा हत्ती काढून टाकू. सुरुवात ‘तुम्हाला काय होतंय’ इथून करायची. तू, मी आणि ती. रोज सकाळी इथं बसायचं, या बायकांत. मात्र शुद्धलेखन मी बघणार.”

कोल्हापूरची मुलाखत पुढच्या महिन्यात होती. मी गेले, नोकरीही लागली, पण वर्षभर दर रविवारी हिवरगावला येत राहिले. ते पुस्तक पुढं इतर हॉस्पिटलांतही गेलं. नंतर मी आयुष्यभर परभाषकांना मराठीच शिकवत आले, बँकेतल्या लोकांना, रेल्वेतल्या लोकांना, लग्न होऊन इकडे आलेल्या मुलींना. प्रत्येक ठिकाणी पहिला धडा वेगळा करावा लागला. पण मला सांगायची आहे ती गोष्ट त्या परीक्षेनंतर तीन-चार आठवड्यांची, मी अजून गावातच होते तेव्हाची.

हौसाबाई बऱ्या होऊन घरी गेल्या होत्या. मुलगा आणि सून जीप घेऊन आले होते. हौसाबाईंनी जाताना सूसम्माच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि जीपमधून वळून वळून बघत गेल्या. त्याला चार दिवस झाले असतील. रविवार होता, सूसम्माला सुट्टी होती. मी घरी उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसले होते आणि ती फाटकातून आत आली. साडी नेसली होती, केस धुतलेले, पण चेहरा उतरलेला.

“काय गं, बरं नाही का?”

“बरे आहे.” ती माझ्याशेजारी बसली. “ताप नाही. डोके नाही. पोट नाही.” सवयीनं एकेका जागेवर तिनं हात ठेवून पाहिला आणि शेवटी हात तसाच मांडीवर पडू दिला. “टीचर, मला करमत नाही.”

तांदळातली माझी बोटं थांबली. हा शब्द मी तिला दिला नव्हता. वॉर्डात कुणी तो आजार म्हणून सांगेल अशातलाही नव्हता.

“घरची आठवण येते?”

“घरची नाही.” ती फाटकाबाहेर, रस्त्याकडे बघत होती. “दाराजवळची कॉट रिकामी आहे. कोणी हाक मारत नाही. काम सगळे होते, वेळेवर होते. पण मला करमत नाही.”

“तुमच्या भाषेत काय म्हणतात याला?” मी विचारलं.

ती विचार करू लागली. ओठ हलले, एक शब्द आला असावा, तो तिनं सोडून दिला. दुसरा आला, तोही. शेवटी तिनं मान हलवली.

“माहीत नाही, टीचर. तिकडे मला असे कधी झाले नाही. हे इथे आल्यावरच झाले.”

आत आईनं चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. हौसाबाईंच्या गावाकडे जाणारी गाडी दुपारी स्टँडवरून सुटत असे, आणि अजून वेळ होता. मी सुपातले तांदूळ तसेच डब्यात ओतले आणि चपला घातल्या.